एकाच रॉडवर सगळी ल्यूर चालतील का? आधी ल्यूरला लटकलेला गळ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुट्टीत गुहागरला गावी आलात की धोपाव्याच्या बाजूला खाडीवर ल्यूर, म्हणजे नकली आमिष, टाकता. रॉड एकच, ७ फुटी मीडियम हेवी, फास्ट, त्यावर ३० पाउंडाची ब्रेडेड (विणलेली) लाइन. अमेरिकन बासच्या व्हिडिओंमध्ये एकेका माणसाच्या होडीत सात-आठ रॉड दिसतात, प्रत्येकावर वेगळी लाइन. मिनो (छोट्या माशासारखं ल्यूर), पॉपर (पाण्यावर आवाज करणारं ल्यूर) आणि जिगहेडवरची (वजन जोडलेल्या गळावरची) रबरी कोळंबी हे सगळं तुमच्या एकाच रॉडवर चालेल का, आणि मिनोला लागलेले जिताडे मासे वारंवार सुटून का जातात?

मी रत्नागिरीत भाट्याच्या खाडीवर गरवतो. लहानपणी हातगरीनं, आता बरीच वर्षं रॉडनं. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्यातच आहे.

बास हा गोड्या पाण्यातला मासा, आपल्या खाडीत तो नाही. पण त्याची शिकारीची रीत जिताड्यासारखीच आहे. दोघंही आडोशाला दबा धरून बसतात, तोंड एकदम उघडतात आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतात. म्हणून बासवाल्यांनी रॉडचा जो हिशेब बसवला आहे तो आपल्याकडेही लागू पडतो. फक्त त्यांच्याकडे पाणवनस्पती असते तिथे आपल्याकडे कांदळवनाची मुळं आणि कालवं असतात.

तो हिशेब समजायला ल्यूरचा रंग किंवा किंमत नको, त्याला लटकलेला गळ बघा. मिनो, क्रँकबेट, पॉपर यांना ट्रेबल असतात, म्हणजे बारीक तारेचे तीन काट्यांचे गळ. ते रुतायला जोर लागत नाही, मासा वळला की आपोआप रुततात. पण खोल जात नाहीत, ओठाच्या कातडीत टोचून राहतात. अशा माशाला ताठ रॉडनं हिसका दिलात की भोक मोठं होतं आणि जिताड्यानं उडी मारून डोकं झटकलं की गळ निसटतो. म्हणून बासवाले क्रँकबेटला मॉडरेट वाकाचा रॉड घेतात, पुष्कळदा फायबरग्लासचा. तो शेंड्यापासून अर्ध्यापर्यंत वाकतो आणि झटका पिऊन टाकतो.

जिग किंवा रबरी ल्यूरला याच्या उलट एकच जाड गळ असतो. तो रबरातून बाहेर यायचा, मग माशाच्या कडक जबड्यात घुसायचा. तिथे मऊ रॉड कामाचा नाही. शेंडा पटकन संपून खालची ताठ काठी कामाला लागली पाहिजे, म्हणून फास्ट. पाणवनस्पतीत बेडूक-ल्यूर टाकणारे तर हेवी रॉडवर ५० ते ६५ पाउंडाची ब्रेडेड लावतात, कारण मासा लागल्या क्षणी त्याला उचलून बाहेर काढायचा असतो.

रॉडवर लिहिलेले हे दोन शब्द नीट वेगळे ठेवा. मीडियम, हेवी ही ताकद झाली, म्हणजे रॉड किती भाराला वाकतो. फास्ट, मॉडरेट हा वाक झाला, म्हणजे कुठून वाकतो. दुकानात या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

आता यात लाइन मिसळा. नायलॉनची तंगूस ओढली की चांगली ताणली जाते, ब्रेडेड जवळजवळ ताणतच नाही. रॉडचा वाक आणि लाइनचा ताण यांची बेरीज होते. ट्रेबलच्या ल्यूरला रॉडही ताठ, लाइनही ताठ, वर ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आवळलेला, अशी तिन्हीकडून कडक जोडणी झाली की मासा सुटणारच. तुमचं नेमकं हेच होतंय, माझंही झालं होतं. उधाणाच्या दिवसांतली संध्याकाळ, पाणी सुकतीला (ओहोटीला) लागलेलं, छोट्या ओहोळाच्या तोंडाशी मिनो फिरवत होतो. हेवी रॉड आणि ५० पाउंडाची ब्रेडेड, मला वाटायचं जास्त ताकद म्हणजे जास्त खात्री. जिताडा लागला, दोनदा उडाला, तिसऱ्या उडीला लाइन सैल पडली. ल्यूर परत आलं तेव्हा ट्रेबलचा एक काटा सरळ झाला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मिनोचे ट्रेबल काढून जाड तारेचे एकेरी गळ लावायचे. सरळ डोळ्याचे, ल्यूरसाठीच बनवलेले मिळतात. गळ एकेरी आणि जाड झाला की तुमचा आहे तो फास्ट रॉड त्याला शोभतो, काटा वाकत नाही आणि मासा सोडायचा असेल तर गळ काढायलाही सोपा. बदलण्याआधी काढलेल्या ट्रेबलचं वजन करा आणि नवे गळ शक्यतो तेवढ्याच वजनाचे घ्या. मग ल्यूर बादलीत टाकून बघा. तरंगणारं ल्यूर बुडायला लागलं किंवा तिरकं झालं तर त्याची चाल बिघडते.

ट्रेबलच ठेवायचे असतील तर ड्रॅग सैल करा, माशानं ल्यूर खेचल्यावर हिसका न देता नुसतं रीळ फिरवत राहा, आणि मासा उडताना रॉडचा शेंडा खाली पाण्याकडे न्या. ड्रॅग अंदाजानं ठेवू नका. लाइन ताणकाट्याला बांधून ओढा. साधारण नियम असा की जोडणीतल्या सगळ्यात कच्च्या दुव्याच्या ताकदीचा पाव ते तिसरा हिस्सा. ३० पाउंड म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास, त्यात गाठीनं थोडं कमी होतं. उघड्या पाण्यात ३ किलो पुरे. कांदळवनाला चिकटून टाकत असाल तर ४ किलो, कारण तिथे मासा पहिल्या दोन वावांत थोपवला नाही तर मुळांत शिरतो.

लाइनबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोक रॉडवर पैसे घालतात आणि लाइन मिळेल ती घेतात. पाण्यापेक्षा ब्रेडेड हलकी असते, तरंगते. नायलॉन किंचित जड, हळूहळू बुडतं. फ्लुरोकार्बन या तिसऱ्या प्रकारच्या लाइनची घनता पाण्याच्या पावणेदोनपटीहून जरा जास्त, त्यामुळे ते चटकन खाली जातं. यावरून लीडर, म्हणजे ब्रेडेड आणि ल्यूर यांच्यामधला लाइनचा तुकडा, ठरवा. पॉपरला लांब फ्लुरोकार्बन लावलात तर पॉपरचं नाक खाली ओढलं जातं आणि त्याचा तो ‘गडप’ आवाज येत नाही. तिथे हातभर जाड नायलॉन लावा. तळाशी चालवायच्या रबरी कोळंबीला मात्र फ्लुरोकार्बनच उत्तम, कारण ते लाइन खाली धरतं.

फ्लुरोकार्बन पाण्यात दिसतच नाही असं सांगून विकतात. ते नायलॉनपेक्षा कमी दिसतं हे खरं. प्रकाश वाकवण्याचा त्याचा अंक १.४२ आहे, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५ च्या पुढे. पण वाशिष्ठी नदीच्या मुखाशी सुकतीचं गढूळ पाणी असताना हा फरक मासा बघत बसत नाही. आपल्याला लीडर हवा तो घासण्यासाठी. ब्रेडेड कितीही पाउंडाची असो, ताणलेली असताना कालवाच्या धारेला लागली की गेली. शिवाय जिताड्याच्या गालाचं झाकण पात्यासारखं धारदार असतं आणि दात कानशीसारखे. म्हणून पॉपर सोडला तर दीड-दोन हात तरी ४० पाउंडाचा लीडर. नुसती तांबोशी मासळी मारायची असेल तरी हाच ठेवा, ती लागली की सरळ दगडातल्या बिळाकडेच पळते.

ब्रेडेड घेताना पाउंडावर न जाता जाडी बघा. पाउंडाचे आकडे कंपनीगणिक बदलतात. जपानी मापात पीई १ म्हणजे ०.१६५ मिमी आणि पीई २ म्हणजे ०.२३५ मिमी. खाडीच्या कामाला पीई १.५ ते २ पुरते. रिळावर आधी पाच-दहा फेरे तंगूस गुंडाळा आणि मग ब्रेडेड, नाहीतर पूर्ण लाइन रिळावर गोल घसरते. ब्रेडेड आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ शिका. एफजी गाठ बारीक बसते आणि रिंगांतून सुरेख जाते, पण होडीत वाऱ्यावर बांधायला वेळ खाते.

आता तुमचा रॉड. तो रबरी कोळंबी आणि जिगहेडसाठी अगदी योग्य आहे. रॉडवर ल्यूरचं वजन छापलेलं असतं, बहुधा औंसात, एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. त्यात जिगहेड अधिक रबर असं दोन्हींचं वजन धरायचं. घरच्या किचनकाट्यावर एकदा सगळी ल्यूर तोलून डबीवर आकडे लिहून ठेवा. ५ ग्रॅमचं ल्यूर मीडियम हेवीवर टाकलं तर रॉड वाकतच नाही, मग ते लांब जाणार कसं? उलट फार जड टाकलं तर रॉड तुटायची भीती.

दुसरा घ्यायचाच असेल तर ७ फुटी मीडियम, मॉडरेट फास्ट, ७ ते २१ ग्रॅमचा, त्यावर पीई १.५. पॉपर आणि मिनो दोन्ही त्यावर सांभाळले जातात. दोन रॉडमध्ये आपली खाडी भागते. ते स्पर्धावाले गाठ सोडण्या-बांधण्यात मिनिटं जाऊ नयेत म्हणून होडीत सात-आठ ठेवतात, आपल्याला तशी घाई नाही. खडकावरून सुरमईला धातूची जड ल्यूर लांब टाकायची, तर तो ९-१० फुटी रॉडचा वेगळा विषय आहे.

बासचा म्हणून विकला जाणारा रॉड गोड्या पाण्यासाठी केलेला असतो. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, रिंगांच्या पायांशी मीठ साचतं. महिन्यातून एकदा प्रत्येक रिंगेतून कापूस फिरवा. धागा अडकला तर रिंगेला चीर आहे, ती ब्रेडेड कापणार.

आणि एक विनंती. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे तुमच्या हाती येणारे खूप मोठे मासे बहुतेक माद्याच. पावसाळ्यात त्या अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे येतात. खायला मधल्या मापाचा एखादा ठेवा, मोठी मादी आणि बारकी पिल्लं पाण्यात जाऊ द्या. एकेरी गळ असला की हे सोपं जातं.

पुढच्या वेळी गावी याल तेव्हा आधी फक्त एका मिनोचे ट्रेबल बदला, ड्रॅग काट्यावर तोला आणि सुकतीच्या पहिल्या दोन तासांत ओहोळाच्या तोंडाशी टाका. प्रत्येक माशानंतर लीडरवरून बोट फिरवा. खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून गाठ नवीन मारा.