पडद्यावरच्या रेघा म्हणजे बिघडलेला डेटा नव्हे

तुमच्या शाळेच्या जुन्या 486 संगणकावर फॉक्सप्रो (डॉसवरचं नोंदी ठेवायचं पॅकेज) सुरू झालं, पण जनरल रजिस्टरात मुलांच्या नावांच्या जागी नुसत्या रेघा आणि चौकटी दिसतात, हे वाचून पोटात गोळा आला. आधी एवढंच ऐका: काही पुसू नका, आणि पॅक ही फॉक्सप्रोची आज्ञा तर अजिबात देऊ नका.

आमच्या वाचनालयाच्या मशीनवर हेच दिसत होतं. नोंदी सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये मराठी दाखवणारं, संगणकात बसवायचं कार्ड) मराठीत केलेल्या, आणि ते कार्ड मधल्या काळात कुणीतरी काढून नेलेलं. मला वाटलं, डिस्क गेली. रेघांच्या नोंदी डिलीट केल्या आणि वर पॅक दिला. डिलीटने नोंदीवर नुसती खूण होते, रिकॉल दिलं की ती परत येते. पॅकनंतर मात्र खूण केलेलं काही उरत नाही. मराठी पुस्तकांची यादी सगळी गेली, इंग्रजी तेवढी राहिली. कपाटं उपसून पुस्तकं पुन्हा नोंदवली, पण कुठलं पुस्तक कुणी देणगी दिलं ते फक्त त्या फाइलीत होतं. त्याची हळहळ अजून जात नाही.

डेटाला काहीच झालेलं नव्हतं. आमचा जिस्टचा मजकूर इस्कीत होता, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा देणाऱ्या भारतीय लिप्यांच्या पद्धतीत. तिच्या 1991 च्या आयएस 13194 या भारतीय मानकात क म्हणजे 179 आणि काना म्हणजे 218. कार्ड नसलं की डॉस 179 ला उभी रेघ काढतो आणि 218 ला चौकटीचा वरचा डावा कोपरा. तुमच्या पडद्यावर रेघेला लागून असा कोपरा दिसला तर तो ‘का’ असावा. शाळेत जिस्टऐवजी दुसरं पॅकेज किंवा इस्कीऐवजी दुसरी पद्धत वापरली असेल तर तक्ता वेगळा, हे आकडे लागू नाहीत.

सभासदांची फाइल मात्र बचावली होती. ती फ्लॉपीवर घेऊन मी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. ‘कार्ड बंद झालंय, पुन्हा टाइप करून घ्या’ एवढंच उत्तर मिळालं. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूनसुद्धा पाहिली नाही. मानक छापील असताना लोकांना असं परत पाठवणं मला आजही चुकीचं वाटतं.

विंडोजमध्ये इस्की-देवनागरीचं कोडपेज (आकड्यांवरून अक्षरं ओळखायचा तक्ता) आहे, 57002. त्यानेच माझं काम झालं. पण अख्खी डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोची नोंदींची फाइल, एकदम बदलू नका. तिच्यात प्रत्येक रकान्याची रुंदी बाइटमध्ये ठरलेली असते आणि यूटीएफ-8 या आजच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह 3 बाइट घेतं, त्यामुळे रकाने एकमेकांत घुसतात. एकेक रकाना वाचून, बदलून नव्या फाइलीत लिहा.

आणि कॉपी करताना डीबीएफबरोबर त्याच नावाची एफपीटी, म्हणजे मेमोची (लांब मजकुराच्या रकान्यांची) फाइल, असेल तर तीही घ्या. शेरे मेमोत लिहिले असतील तर ते तिच्यातच सापडतील.