बाबा गनूश हे नाव कुठून आलं? आपलं वांग्याचं भरीतच ना ते?

"भरीतच ना ते" वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. शारजात एका लेबनीज हॉटेलच्या किचनमध्ये नऊ वर्षं काढलीत मी, हुमूस, फत्तूश, वांगी, दिवसभर हेच.

आधी नाव. अरबीत शेवटी श नाही, ज आहे, बाबा घन्नूज. बाबा म्हणजे बापच, घन्नूज म्हणजे लाडावलेला, नखरेल. दात पडलेल्या बापाला मुलगी वांगं कुस्करून भरवायची अशी गोष्ट सांगतात, गोड आहे पण पुरावा नाही.

आणि तुम्ही खाल्लंत ते बहुतेक मुतब्बल असणार. पहिल्याच महिन्यात एका लेबनीज आजींची बाबा घन्नूजची ऑर्डर आली, मी ताहिनी (तिळाची पेस्ट) घातलेलं पांढरट वांगं, वर ऑलिव्ह ऑइल, डाळिंबाचे दाणे, असं छान सजवून पाठवलं, प्लेट जशीच्या तशी परत. आमचे मुअल्लिम (मोठ्या शेफला तिकडे असंच म्हणतात) सीरियातल्या होम्सचे, ओरडले नाहीत, दुसरं भाजलेलं वांगं घेतलं, मी सोलायला नळाखाली धरणार तर माझं मनगट पकडलं, धूर वाहून जातो म्हणाले. बोटांनी साल काढली, चाळणीत पाणी निथळू दिलं, सुरीने चिरलं, मग टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची, पार्सली, लिंबू आणि डाळिंबाचा आटवलेला आंबट रस. ताहिनी अजिबात नाही. हे बाबा घन्नूज. ताहिनीवालं ते मुतब्बल, म्हणजे मसाला लावलेलं. आजींनी खुबूसने (तिकडची रोटी) प्लेट पुसून खाल्ली.

एवढं सांगतोय ते आमच्या दाजींमुळे. जळगावचे. सुट्टीत घरी मुतब्बल केलं तर सगळ्यांसमोर म्हणाले, "भरीतच हे, तीळ वाटून घातलेलं, आपलंच चोरलंय." अजून डोक्यात आहे ते. वांगं आपल्याकडून गेलं हे कबूल, संस्कृत वातिंगण, फारसीत बादिंगान, अरबीत बादिंजान, आपला वांगं हा शब्दही त्या संस्कृत शब्दावरूनच आला. पण भरीत बडगीत (लाकडी भांड्यात) हिरवी मिरची, लसूण घालून ठेचतात, वर शेंगदाणे, कांद्याची पात, त्यात तीळ कुठे आणि लिंबू कुठे? १० व्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राकने लिहिलेल्या पाककृतींत वांग्याचे पदार्थ आहेत. हजार वर्षं वांगं रांधणाऱ्यांना चोर म्हणायचं?

हां, एक राहिलं, इजिप्तमध्ये ताहिनीवाल्यालाच बाबा गनूग म्हणतात, ते ज चा ग करतात, त्यामुळे कैरोच्या माणसाशी यावरून वाद घालू नका. आपल्याकडच्या हॉटेलांतही ताहिनीवालंच याच नावाने मिळतं, ऑर्डर देताना ताहिनी आहे का तेवढं विचारा. आणि कुणी भरीतच म्हणालं तर दोन्ही वाट्या शेजारी ठेवून चाखायला द्या. मी या डिसेंबरात जळगावला तेच करणार आहे, भरताची हिरवी वांगी तिथलीच घेणार, अर्धी बडगीत, अर्धी ताहिनीत, आणि पहिला घास दाजींचा.