मीठ राहू द्या, 'पगारा'कडे बघा

इंग्रजीतल्या 'सॅलरी' आणि 'वेज' (wage) यांत फरक काय, आणि रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं त्यावरून 'सॅलरी' आला हे खरं का, असा प्रश्न आला आहे.

फरक कुठलाही कोश सांगेल. मिठाच्या गोष्टीने मात्र वीट आणलाय. दर एक तारखेला कोणीतरी ती फिरवतो आणि खाली 'म्हणूनच आपण खाल्ल्या मिठाला जागतो' अशी पुरवणी जोडतो. लॅटिन 'सालारियम'मध्ये 'साल' म्हणजे मीठ आहे, हे कबूल. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनीही हा शब्द मिठाशी जोडतो. पण पगाराऐवजी मिठाची पुडी हातावर ठेवत, असं तो कुठे म्हणतो? रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस मिळत. चांदीची खणखणीत नाणी. शिवाय शिपायाच्या पगाराला ते 'स्टिपेंडियम' म्हणत, ज्याचा आपल्याकडच्या शिकाऊ डॉक्टरांचा 'स्टायपेंड' झाला. तरीही मिठाची गोष्ट छापणाऱ्या कोशकारांना माझा नमस्कार, लांबूनच.

खरी गंमत 'पे'मध्ये आहे, आणि ती कोणी विचारतच नाही. लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांतता. त्यावरून 'पाकारे', शांत करणे. सावकार दारात बसलाय, त्याला शांत कसं करायचं? पैसे देऊन. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला, त्याचा झाला 'पे'. पोर्तुगीजांकडे त्याचाच झाला 'पागार', म्हणजे पैसे चुकते करणे. तो त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि घमेलं, पिंप, चावी यांच्या रांगेत येऊन बसला. तोच आपला पगार! 'बिनपगारी, फुल अधिकारी' म्हणताना आपण अर्धं लॅटिन बोलत असतो. 'पगार' ओढूनताणून संस्कृतातून काढणाऱ्यांनी आधी गोव्याला एक चक्कर मारून यावी.

आता माझा आवडता मुद्दा. आपण तहान भागवतो, भूक भागवतो आणि बिलही भागवतो. देणं भागवलं, म्हणजे घेणेकऱ्याचं समाधान केलं, तो गप्प झाला. लॅटिन माणसाने 'शांत करणे'वरून 'पैसे देणे' काढलं; मराठी माणसानेही, लॅटिनचं अक्षर न शिकता, तीच वाट धरली असावी असं माझं मत आहे. मला तर वाटतं, 'पे'चं 'भागवणे'इतकं चपखल भाषांतर दुसरं नाही. 'अदा करणे' त्यापुढे सरकारी पावतीसारखं कोरडं वाटतं.

आणि इतका सुरेख शब्द हाताशी असताना लोक म्हणतात, 'विजेचं बिल पेड केलं.' अहो, 'पेड' म्हणजे 'दिलेलं'. दिलेलं केलं? 'पे केलं' म्हणा, तेही मी दातओठ खाऊन ऐकून घेईन. 'भरलं' म्हटलंत तर चहा माझ्याकडून.

हो, 'वेज' राहिलंच. महिन्याच्या ठरलेल्या रकमेला सॅलरी म्हणतात, रोजावर किंवा तासावर मिळते ती वेज, आपली मजुरी. तिचा मूळ अर्थ तारण, हमी. 'वेडिंग' तिच्याच भाऊबंदांतलं, पण त्या भानगडीत आज शिरत नाही.