मनमिळाऊ की कामात पक्की?

प्रश्न : मडगावात आमचे लहानसे हिशेबनिसाचे कार्यालय आहे. एका जागेसाठी दोन उमेदवार उरल्या आहेत. एक टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तरबेज, पण अबोल आहे. दुसरी सर्वांमध्ये पटकन मिसळते, पण जीएसटीत कच्ची आहे. कोणाला घ्यावे?

उत्तर : ‘स्वभाव जुळतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ती व्यक्ती आपल्यासारखी बोलते, एवढेच आपल्याला जाणवलेले असते, आणि अबोलपणा हा मुळी दोष नव्हे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कर्मचारी-निवडीवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना हा सैल गप्पांच्या मुलाखतीपेक्षा अधिक भरवशाचा ठरला. म्हणून दोघींनाही अर्धा दिवस बोलवा, त्याचा मोबदला अवश्य द्या, आणि ग्राहकांची नावे झाकलेली वीस बिले नोंदवायला सांगा. त्यांतल्या एका बिलावर कराचा दर मुद्दाम चुकीचा ठेवा. ती चूक कोण पकडते, आणि पकडल्यावर टेबलापाशी येऊन विचारते की परस्पर दुरुस्त करून गप्प बसते, हे बारकाईने पाहा. माझ्या मते कार्यालयाला लागणारा स्वभाव यातूनच कळतो. जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची २० तारीख तोंडावर असताना शिकवायला तुमच्याकडे कोणी मोकळे नसेल, तर अबोल मुलीलाच घ्या.