हातात काय होतं ते बघ

प्रिय मुली,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा पानभर प्रवचन झाडून कागद फाडून टाकले. हा तिसरा. यातही कुठेतरी प्रवचन सुरू होईल, सवय जात नाही. तसं झालं तर सरळ पुढच्या परिच्छेदावर जा.

तुझ्या बाबांना जाऊन आठ महिने झाले. ईस्टरच्या पहाटे "प्रभू उठला आहे" असं म्हटल्यावर सगळी मंडळी "खरोखर उठला आहे" म्हणाली आणि तुझं तोंड उघडलं नाही. आता ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या सणाआधीच्या रविवारी पुनरुत्थानाचं वाचन पाळकांनी नेमकं तुलाच दिलंय. तुला ते नाकारायचंय, कारण विश्वास नसताना तिथे उभं राहणं तुला ढोंग वाटतं. शिवाय येशूच्या आयुष्याची मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेली चारही शुभवर्तमानं शेजारी ठेवून वाचलीस आणि ती जुळत नाहीत.

हे शेवटचं आधी उरकतो, ते सोपं आहे. नाहीच जुळत. येशूची कबर रिकामी सापडली त्या वेळी, योहान म्हणतो, अजून अंधार होता, मार्क म्हणतो सूर्य उगवला होता. मत्तयाकडे दोन स्त्रिया, मार्काकडे तीन, लूकाकडे त्याहून जास्त. योहानाकडे एकटी मग्दालीया मरीया, पण तीही धावत जाऊन पेत्र या शिष्याला सांगते की येशूला कुठे ठेवलं ते "आम्हांला" ठाऊक नाही, म्हणजे एकटी नसावीच. मार्काच्या कबरेत एक तरुण बसलेला, लूकाच्या कबरेत दोन पुरुष. तरुणपणी मी यावर वह्या भरल्या, तक्ते आखले, चौघांची मिळून एक सलग पहाट बसवली. बसलीही, जरा ताणून. पण माझा धाकटा भाऊ गेला त्या वर्षी तो तक्ता उशाशी असून मला एका रात्रीची झोप लागली नाही. हवा असेल तर पाठवतो. माझं ऐकशील तर मागवू नकोस.

त्यापेक्षा चौघांनी काय लिहिलेलं नाही ते बघ. उठण्याचा क्षण एकानेही लिहिलेला नाही. धोंड बाजूला झालेली, देह नाही, तागाची वस्त्रं पडलेली, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला: सगळं होऊन गेल्यानंतरचं. कबर आतून कोणी पाहत नव्हतं आणि पाहिल्याचा दावाही कोणी केला नाही. दुसरं असं, की चौघांपैकी एकाच्याही वृत्तांतात "आता तो उठला असेल" म्हणून कबरेकडे निघालेलं एकही माणूस नाही. येशूने स्वतः मार्कात तीनदा सांगून ठेवलं होतं, तरी नाही.

मग त्या बायका गेल्या कशाला? हातात काय होतं ते बघ. सुगंधी द्रव्यं. प्रेताला लावायची. जिच्या हातात प्रेताला लावायचं सामान आहे, तिच्या मनात पुनरुत्थान कुठून असणार?

शुक्रवारी संध्याकाळी अरिमथाईकर योसेफाने देह कबरेत ठेवला तेव्हा मग्दालीया आणि दुसरी एक अशा दोघी मरीया जागा नीट पाहून ठेवतात. धोंड केवढी आहे तेही अर्थात पाहतात. मार्काच्या मते त्यांनी द्रव्यं शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपल्यावर विकत घेतली. लूकाच्या मते आधीच तयार केली आणि मग आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. त्या शनिवारावर लूकाने जेमतेम अर्धं वाक्य खर्च केलंय. मला तो शनिवार फार दिसतो. कोपऱ्यात तयार ठेवलेली भांडी, घरभर त्यांचा वास, आणि हात लावायचा नाही. तू आठ महिने ज्यात राहतेस ते हेच घर आहे, असं मला तुझं पत्र वाचताना वाटलं.

रविवारी त्या निघतात आणि वाटेत एकमेकींना विचारतात, कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील? हा प्रश्न शहाणी माणसं घरातून निघायच्या आधी विचारतात. उत्तर एकीकडेही नव्हतं. उत्तर नाही म्हणून परत फिरावं, हेही कुणाला सुचलं नाही. योहानाचं धरलं तर त्या सामानाची गरजसुद्धा नव्हती, कारण निकदेम नावाच्या माणसाने शुक्रवारीच गंधरस आणि अगरू मिळून सुमारे 100 रत्तल आणलं होतं. रोमी रत्तल, म्हणजे आजचे 33 किलोच्या आसपास. त्यावर या मूठभर काय भर घालणार होत्या? (तक्ता नको म्हणालो आणि मीच जुळवाजुळव करायला लागलो. असो.) गरज नाही, वाट मोकळी नाही, आशा नाही. तरी हातात सामान आणि पाय चालतायत.

एक हाड तुला दाखवायचंय. 1968 साली यरुशलेमच्या उत्तरेला, गिवत हा-मिवतार इथे, येशूच्याच शतकातल्या एका कबरीत दगडी अस्थिपेटी सापडली. आतल्या एका टाचेच्या हाडात आरपार गेलेला लोखंडी खिळा आहे, साधारण 11.5 सेंटिमीटरचा, टोक वाकलेला. वाकल्यामुळेच तो उपसता आला नसावा. पेटीवर नाव कोरलंय: यहोहानान. वधस्तंभावर मेलेल्या माणसाचा असा पुरावा त्या काळातून फारच क्वचित मिळालाय. सगळे त्या खिळ्याकडे बघतात. मी पेटीकडे बघतो. रोमी सत्ता माणसाला टांगायची ती त्याचं नावनिशाण उरू नये म्हणून. घरच्यांनी तो देह मिळवला, कबरेत ठेवला, मांस झडल्यावर यहुदी रीतीप्रमाणे हाडं गोळा केली, खिळा निघेना तर खिळ्यासकट ठेवली, आणि वर नाव घातलं. हा माणूस तिसऱ्या दिवशी उठला नाही. उठेल म्हणून कोणी बसलंही नव्हतं. तरी केलं. ईस्टरच्या सकाळी कबरेकडे चाललेल्या बायका आणि ही पेटी भरणारे हात, यांत मला काही फरक दिसत नाही.

आता ज्याच्यामुळे दोन कागद फाटले ते लिहितो.

धाकटा भाऊ गेला तेव्हा मी 28 वर्षांचा होतो. प्रवचनं करायला नुकती सुरुवात केली होती आणि माझ्याकडे सगळ्याची उत्तरं होती. पेटी बंद करायची वेळ झाली. आई पुढे आली. पदराचं टोक ओलं करून आणलं होतं. म्हणाली, "थांब, त्याचे पाय पुसते." बाहेर माणसं खोळंबली होती. मी तिचं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आई, जिवंताचा शोध मेलेल्यांत का करतेस?" लूकाचा चोविसावा अध्याय. आई मागे सरली. झाकण लागलं. कोणीतरी म्हणालं, पोराचा विश्वास बघा.

विश्वास कसला, घाई होती. आणि भ्यालो होतो. ती पाय पुसायला बसली असती तर मी उभा राहू शकलो नसतो. आई त्यानंतर 19 वर्षं जगली. त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही, मीही काढला नाही. पुष्कळ उशिरा माझ्या ध्यानात आलं की ते वाक्य त्या बायकांना ऐकू आलं तेव्हा त्या सामानासकट कबरेच्या आत पोचल्या होत्या. दारात उभं राहून मनगट धरणारा कोणी नव्हता. ते वाक्य म्हणायचा अधिकार कबरेच्या आत असलेल्यांना आहे. बाहेर घड्याळ बघत उभ्या असलेल्याला नाही.

म्हणून सांगतोय, "रडू नकोस, ते प्रभूजवळ आहेत" असं तुला जो कोणी सांगेल त्याला नमस्कार कर आणि पुढे जा. त्याचं म्हणणं कदाचित खरंही असेल. त्याने तुझं मनगट सोडावं.

भावानंतर मी कोरडा पडलो. सहा वर्षं. प्रार्थना करायला डोळे मिटले की भिंतीशी बोलल्यासारखं व्हायचं. प्रवचनं सोडली, किल्ली मात्र सोडली नाही. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन चर्च उघडायचो, बाकं पुसायचो, गीतांची पुस्तकं मांडायचो आणि शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसायचो. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला तोंडावर ढोंगी म्हटलं. तेव्हाच्या पाळकांनी समजुतीने सांगितलं, शंका फिटेपर्यंत किल्ली दुसऱ्याकडे दे. दिली नाही. तुला वाटेल हा म्हातारा अजून त्यांच्याशी भांडतोय. भांडतोच आहे. ढोंग म्हणजे नसलेलं आहे असं दाखवणं. मी काय दाखवत होतो? पुसलेली बाकं. ती खरंच पुसलेली असायची.

सहा वर्षांनी काय झालं हे विचारू नकोस, सांगण्यासारखं काही झालं नाही. एका रविवारी दुसऱ्या कडव्याला लक्षात आलं की आपण गातोय.

आणि आता जरा रागावतो. "मला काही वाटत नाही" हे तू पाच पानांत अकरा वेळा लिहिलंयस, मी मोजलं. त्या सकाळी आणि त्यानंतर कुणाला काय वाटलं ते तरी बघ! बायकांना थरकाप. प्रेषितांना बायकांचं बोलणं म्हणजे निव्वळ बडबड. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघं शिष्य उठलेल्या येशूबरोबर मैलोगणती चालले आणि त्यांना तो परका वाटला. गालीलातल्या डोंगरावर तो समोर उभा, तरी काहींना संशय आला, आणि मत्तय ते झाकत नाही. मरीयेला तो माळी वाटला. वाटण्यावर सोपवलं असतं तर ती गोष्ट त्या बागेबाहेर पडली नसती.

मरीया त्या माळ्याला काय म्हणते ते वाच. तुम्ही त्याला नेलं असेल तर कुठे ठेवलं सांगा, मी त्याला घेऊन जाईन. घेऊन जाईन! एकटी बाई, पुरुषाचा देह, आणि अंगावर ते निकदेमाचे 33 किलो. उचलणार कशी, नेणार कुठे, काही विचार नाही. हातांना काम हवंय. त्यावर तो तिला नावाने हाक मारतो. तिचा विश्वास किती आहे हे विचारत नाही.

मी पुनरुत्थान पातळ करतोय असं मात्र समजू नकोस. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं प्रेषित पौलाने करिंथकरांना रोखठोक लिहिलंय, आणि त्यात मी काना-मात्रा बदलणार नाही. खरोखर उठला आहे. देहाने. माझी तक्रार, उठलेला प्रभू कोणाकोणाला दिसला त्या पौलाच्या यादीबद्दल आहे. केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग 500 हून अधिक बंधू, याकोब, सगळे प्रेषित, आणि शेवटी तो स्वतः. सामान घेऊन गेलेल्यांचं त्यात नाव नाही. हे मी प्रवचनात कधी बोललो नाही, पत्रात बोलतो.

आणि तो स्वतः शिष्यांच्या मधोमध उभा राहिला तेव्हा ओळख पटावी म्हणून काय दाखवलं? हात. मरणावर मात करून आलेल्याला ते वण पुसून येता आले नसते का? ठेवले. संशय घेणाऱ्या थोमा या शिष्याने वणांत बोट घातलं असं सगळे म्हणतात, योहानाने तसं कुठेही लिहिलेलं नाही. घाल म्हटलं एवढंच आहे. आपले वण उघडे ठेवून उभा असलेला प्रभू तुझ्या बंद तोंडाने दुखावला जाईल, ही कल्पना तुझ्या डोक्यात घातली कोणी? माझ्यासारख्याच कुणीतरी.

तुझ्या चौथ्या पानावर एक ओळ आहे, ती लिहून तू खोडलीस, पण वाचता येते. बाबांचा चष्मा खणात आहे आणि त्याच्या काचेवर त्यांच्या बोटाचा ठसा आहे, म्हणून खण उघडत नाहीस. तो पुस असं मी म्हणणार नाही. पुसू नको असंही म्हणणार नाही. एकदा एका बाईला अडवलंय, पुन्हा नाही. फक्त खण उघड आणि चष्मा हातात घे. काय करायचं ते हातांना कळेल.

आणि वाचन तूच करायचंस. मार्क, अध्याय 16, वचन 1 पासून. आठव्या वचनाशी थांब: त्या भ्याल्या होत्या म्हणून त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या मोठ्या प्रती, सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस, मार्काचं शुभवर्तमान तिथेच संपवतात, तेव्हा तुलाही तिथे थांबायची मुभा आहे. आवाज चढवू नकोस, आनंदाचा सूर लावू नकोस, शेवटी स्वतःचं काही जोडू नकोस. पुस्तक मिटून जागेवर जाऊन बस. वाचन अर्धवट का सोडलं असं कोणी विचारलं तर माझं नाव सांग, मी बघून घेईन.

तुझा,
काका