वडील यंत्रमागावर काम करतात, साखर आहे. तळपायाची जखम दोन महिने भरत नाही. सोलापुरात व्हॅक्यूम ड्रेसिंग करावं का?

हो, करून घ्या, पण आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून आणि जखमेतलं मेलेलं मांस काढून टाकल्यावरच. मी सर्जरी वॉर्डात परिचारिका आहे, अशी ड्रेसिंग रोज करते. जखमेच्या मापाचा स्पंज कापून आत बसवतात, वरून चिकट फिल्म लावतात आणि नळीतून साधारण १२५ मिमी पाऱ्याइतक्या उणे दाबाने ओढ देतात. पू-पाणी निघून जातं, सूज उतरते, तळाशी लाल, दाणेदार मांस धरायला लागतं. स्पंज ४८ ते ७२ तासांनी बदलतात. तळ चांगला लाल झाला की त्वचारोपण करून जखम झाकता येते.

मात्र वडिलांचं मागावर उभं राहणं आजच थांबवा. त्या पायावर भार पडत राहिला तर कुठलंही मशीन उपयोगाचं नाही, हे मी कळकळीने सांगते. साखरही आटोक्यात हवी. सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत दाखवा. हाडातल्या जंतुसंसर्गावर उपचार झालेले नसतील किंवा जखमेत रक्तवाहिनी उघडी असेल, तर हे ड्रेसिंग करत नाहीत. नळीत ताजं रक्त दिसलं तर लगेच सिस्टरांना हाक मारा.