मूल कोणाकडे झोपलं, हे सांगणार कोण?

तू विचारलंयस, "ताई, नवऱ्याशी पटत नाहीये, तरी मुलाला घेऊन आम्ही मेलबर्नला येतोय. तिथे वेगळं व्हायची वेळ आली तर मुलाच्या खर्चाचं कसं ठरतं?" वाचल्यापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

फॉर्म, सूत्र, कॅल्क्युलेटर सगळं सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाच्या, म्हणजे हे काम बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर आहे. मी भांडण कुठे पेटतं ते सांगते. इथे मूल वर्षात किती रात्री कोणाकडे असतं, त्यावरून साधारणपणे त्याच्या सांभाळाची टक्केवारी ठरते. ५२ रात्री झाल्या की १४ टक्के, आणि मुलाच्या खर्चातला २४ टक्के वाटा त्या पालकाने सांभाळूनच उचलला असं धरतात. ५१ रात्रींना शून्य. एक आड एक वीकएंडच्या दोन-दोन रात्री धरल्यास तर वर्षाच्या बरोबर ५२ होतात. म्हणजे ठरलेले वीकएंड बुडायला लागले की भांडण आलंच.

आमच्याकडे तेच झालं. मी खात्याला कळवलं, नवरा ठरल्याप्रमाणे मुलीला नेत नाही. त्याने कळवलं, नेतो. मग खात्याकडून फोनवर विचारणा झाली: तिसरं कोणी लेखी सांगेल का?

तिसरं कोण, गं? पुण्यात खालच्या वॉचमनलाही ठाऊक असतं पोर कुठे झोपलंय. इथे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची मला नावंही माहीत नव्हती. शाळेने हजेरीपट दिला, पण त्यावरून रात्र कळत नाही. राहिला शनिवारचा मराठी वर्ग. त्याच्या वाट्याच्या शनिवारीही मीच तिला तिथे सोडत होते, वहीत माझी सही होती. पत्र मागितलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "दोघंही आपलीच माणसं, आम्हाला मध्ये घेऊ नका." दिवाळीचा फराळ आम्ही एकत्र केला होता. ते अजून सलतं. त्यानंतर मुलीचा तो वर्ग सुटला, आता ती आजीशी इंग्रजीत बोलते.

एकटेपणाचं म्हणशील तर सवय होते. साक्षीला माणूस नसणं मात्र वेगळंच.

खरं सांगते, पैशाचा फरक मी सोसला असता. त्याला मुलगी हवी होती की आकडा, हे मला आजही कळलेलं नाही. आणि तिला न्यायला तो आला नाही की मला वाईट वाटायचं, आणि त्याच वेळी मी कॅलेंडरवर खूणही करायचे.

वेगळं झालातच तर पहिल्या रात्रीपासून लिहून ठेव. नेण्या-आणण्याचं मेसेजवरच ठरव, फोनवर नको. रात्री बदलल्या की २८ दिवसांच्या आत खात्याला कळव, उशीर झाला तर बदल मागच्या तारखेपासून धरतीलच असं नाही. निर्णय पटला नाही तर आधी खात्याकडेच हरकत घ्यायची, मग ट्रायब्यूनल, म्हणजे निर्णय पुन्हा तपासणारं बाहेरचं मंडळ. आणि हे सगळं व्हायच्या आधी, आल्या आल्या, शेजारच्या दाराची बेल वाजव, मुलाला सोबत घेऊन.